पाठकोरा कागद

माझं अक्षर चांगलं, म्हणून अर्ज लिहायचं माझ्याकडे आलं.
कुताईसीच्या इस्पितळाचं धुलाईघर, तळमजल्याच्याही खाली.
रात्रपाळी सुटायला चाळीस मिनिटं,
आणि इस्त्रीच्या टेबलावर
रक्ततपासणीचा जुना फॉर्म, उलटा ठेवलेला.

त्सिसाना म्हणाली, लिही,
मुतायला गेलं तरी घड्याळ बघतो.
मी लिहिलं: प्रसाधनगृहातील वेळेची नोंद ठेवली जाते.
"हे वाचून कुणाला लाज वाटणार आहे?"
मी खोडलं नाही.
अर्जाला अर्जाची भाषा लागते,
चादरीला खळ लागते तशी.

गुलीको काही बोलली नाही. हात पुढे केला.
कोपरापर्यंत भाजलेला, कातडी अजून नवी, गुलाबी.
रोलरला गेल्या हिवाळ्यापासून झाकण नाही.
हा मुद्दा तिसरा.

एतेरी म्हणाली, मला नावानं हाक मारत नाही.
"ए सात नंबर" म्हणतो. मशीनचा नंबर.
हे कुठल्या मुद्द्यात बसवू?
अकरा झाले होते. कागद संपत आला होता.
राहू दे, म्हणाली ती.
राहू दिलं.

सह्या बारा.
बारावी नानीची. तिचा मुलगा इथेच ड्रायव्हर,
माल्खाझच्या शब्दावर लागलेला.
तिनं पेन घेतलं, ठेवलं, घेतलं.
सही अशी बारीक, जणू कागदावर चिलट बसलंय.

माल्खाझ.
नऊ वर्षं माझ्या शेजारच्या यंत्रावर होता तो.
माझ्या आईच्या पेटीला खांदा दिला होता त्यानं,
चिखलात, उसन्या बुटांनी.
त्याचं नाव लिहिताना जरा थांबले.
आमच्या लिपीत नावांसाठी वेगळं मोठं अक्षर नसतं,
मॅनेजर आणि गुलीको कागदावर एकाच उंचीचे.
कागदावर.

त्यानं उभ्यानंच वाचलं, ओळीखाली बोट सरकवत.
आम्ही बाराजणी ॲप्रनला हात पुसत होतो,
हात कोरडे असून.
ओरडला असता तर सोपं गेलं असतं.
चौथ्या मुद्द्यावर बोट थांबलं.
"चार नंबरखाली नाही पाणी साचत. पाच.
चार तर ऑगस्टातच मेलंय."
खिशातलं पेन काढलं
आणि चाराचे पाच केले, नीट, मान वाकडी करून.
त्सिसानाला हसू फुटलं.
मग हसल्याचाच राग आला तिला.

"हे वर मीच द्यायचं?"
तुझ्याविरुद्ध आहे, मी म्हटलं.
"दिसतंय."
मग खाली बघत: "झाकणासाठी तीनदा लिहिलंय मी."
मग आम्हाला का नाही सांगितलंस?

कुठलं तरी यंत्र पिळायला लागलं होतं,
खोली थरथरत होती.
उत्तर दिलं असेल तर मला ऐकू आलं नाही.
मला वाटतं, सांगितलं असतं
तर तो पुन्हा आमच्यातला झाला असता,
आणि आमच्यातल्यांना आम्ही कसं धुतो
ते त्याला ठाऊक होतं.

त्याची बाजू घेत नाहीये मी.
तीन पत्रांनी गुलीकोचा हात थंड झाला नव्हता.

सोमवारी आलो तर खिडकी उघडी.
नववा मुद्दा.
रंगावर रंग चढून वर्षानुवर्षं मिटलेली,
चौकटीवर सुरीचे ओरखडे, फरशीवर निळी सालपटं.
त्या खिडकीतून रस्त्यावरचे फक्त बूट दिसतात.
बराच वेळ आम्ही बूट बघत राहिलो.

रोलर तसाच, उघडा.
दुपारी तो दारात आला आणि म्हणाला, "एतेरी."
तिनं वर पाहिलं.
पुढे काय सांगायचं होतं ते विसरला बहुधा,
उभा राहिला, गेला.

अर्जाची दुसरी प्रत माझ्या पिशवीत आहे,
भाकरीच्या फडक्याखाली.
त्यातला नववा मुद्दा मी खोडलाय.
पेन्सिलीनं.